पैठणीला रंगमंच देणारा राजहंस

पारंपरिक वस्त्रांना नवे रूप देणाऱ्या फॅशन डिझायनर मंडळींचे आज मोठे कौतुक होते. पैठणीच्या पदरावरचे मोर जॅकेटवर येऊन बसतात, खणाचे कापड चोळीपुरते न राहता पर्सपासून कुर्त्यापर्यंत पोहोचते. परंतु 'डिझायनर' हा शब्दही मराठी माणसाच्या कानी पडला नव्हता, त्या काळात एका कलावंताने उत्तम वस्त्रांची आणि ती नेसण्याच्या रीतीची गोडी अवघ्या महाराष्ट्राला लावली होती. विशेष म्हणजे तो पुरुष होता. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व!

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणरावांच्या घराण्याचे गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, अशी हकिकत सांगितली जाते. राजर्षी शाहू महाराजांचा आधार लाभला आणि १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच करण्याचा तो काळ होता. शकुंतलेच्या वेशात हा तरुण रंगमंचावर आला आणि भाऊराव कोल्हटकरांच्या निधनाने मंडळीत निर्माण झालेली पोकळी भरून निघाली.

भास्करबुवा बखले यांच्या तालमीत त्यांचा गळा घडला, त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या वेशभूषेचा विचार मात्र बहुधा हौसेच्या सदरात टाकला जातो. वस्तुतः त्यांच्या दृष्टीने लुगडे हा भूमिकेचाच एक भाग होता. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमान'मधील भामिनी ही श्रीमंत घरची मानी मुलगी, तीच पुढे वनमाला बनून साध्या वेशात वावरते. इथे वस्त्र बदलले की माणसाची किंमत बदलते, हाच नाटकाचा विषय! या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच नारायणरावांच्या मुलीचे निधन झाले. तरीही प्रयोग रद्द झाला नाही. दुःख पोटात घालून त्यांनी त्या संध्याकाळी भामिनी उभी केली.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि वैभवाचे दिवस सुरू झाले. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये ते रुक्मिणी झाले. नाटकातल्या राणीला कचकड्याचे दागिने आणि खोट्या जरीचे कापड चालते, हा रंगभूमीवरचा सोयीचा समज त्यांनी झुगारून दिला. अस्सल पैठण्या, भरजरी शालू, सोन्याचे अलंकार आणि उंची अत्तरे असा त्यांचा थाट असे. अत्तराचा सुगंध तिकीट काढणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचेलच असे नाही, परंतु नटाला तो जाणवतो आणि त्याची चाल बदलते, इतका सूक्ष्म विचार त्यामागे असावा.

याचा परिणाम नाट्यगृहाबाहेर दिसू लागला. त्या काळी मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना चारचौघांत मिरवण्याची मुभा बेताचीच होती. नाट्यगृहात मात्र त्या येत आणि बालगंधर्वांच्या पदराची ढब, अंबाडा घालण्याची पद्धत, गजरा माळण्याची रीत डोळ्यांत साठवून घरी नेत. मुंबई-पुण्याच्या घरांतून लग्नसमारंभांत त्याचे अनुकरण होऊ लागले. त्यांच्या छायाचित्रांना मागणी होती आणि बाजारातील सौंदर्यप्रसाधनांवरही त्यांची छबी झळकू लागली.

मात्र त्यांची जाण केवळ श्रीमंती वस्त्रांपुरती नव्हती. १९१९ मध्ये आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये दारुड्या पतीपायी दारिद्र्यात लोटल्या गेलेल्या सिंधूच्या भूमिकेत त्यांनी ठिगळे लावलेले लुगडे नेसले. ज्यांच्या शालूसाठी लोक गर्दी करीत, त्यांना ठिगळांत पाहून प्रेक्षागृह हेलावून जाई. जरीला शोभा देणाऱ्या या नटाने ठिगळालाही तेवढीच प्रतिष्ठा दिली.

या ध्यासाची किंमतही तशीच जबर होती. वस्त्रे, दागिने, नेपथ्य यांवर हात सैल सोडून खर्च होत गेला. आधी टेंबे, नंतर बोडस मंडळीतून बाहेर पडले. १९२० च्या 'द्रौपदी'ने तर खर्चाची परिसीमा गाठली आणि मंडळी कर्जात बुडाली. निधी उभारून कर्ज फेडण्याची चाहत्यांची तयारी होती. ती मदत नाकारून त्यांनी नाटकांच्या उत्पन्नातूनच देणी भागविण्याचा मार्ग पत्करला. हिशेबात ते चुकले हे खरेच, पण कापडाची प्रत उतरवून तो हिशेब जुळवणे त्यांना जमले नाही.

पुढे बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले, तेव्हा अंगावर ना शालू होता ना नथ. कॅमेऱ्याशी त्यांचे जमले नाही आणि ते रंगभूमीकडे परतले. उत्तरायुष्य आजारपण आणि आर्थिक ओढाताण यांत गेले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पण ते दिवस पालटले नाहीत. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर रसिकांसाठी खुले झाले.

पैठणी विणायला महिनोन् महिने लागतात. तो मोल न जाणणाऱ्याला ती केवळ महाग साडी वाटते. बालगंधर्वांनी ते मोल जाणले, प्रेक्षकांना जाणवून दिले आणि त्याची किंमत स्वतः चुकती केली. आज येवल्याच्या मागावरची पैठणी नव्या रूपात रॅम्पवर उतरते, तेव्हा या राजहंसाची आठवण ठेवायलाच हवी.