राष्ट्राध्यक्ष होण्याआधी वॉशिंग्टन जमिनी मोजायचे

जॉर्ज वॉशिंग्टन 11 वर्षांचे असताना वडील गेले. 1749 मध्ये, वयाच्या 17व्या वर्षी, ते व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीचे मोजणीदार झाले. होकायंत्र, साखळी आणि हद्दीच्या झाडांवर कुऱ्हाडीने केलेल्या खुणा, असं ते काम. (आपल्या गुंठ्याची 33 फुटी बाजू म्हणजे इंग्रजी मोजणी साखळीची बरोबर निम्मी लांबी!)

मोजणाऱ्याला चांगली जमीन सगळ्यांच्या आधी दिसते. लवकरच त्यांनी शेनंडोआ खोऱ्यात स्वतःसाठी जमीन घेतली आणि मग घेतच राहिले.

पेनसिल्व्हेनियातल्या मिलर्स रनची जमीन त्यांच्यासाठी विल्यम क्रॉफर्ड यांनी 1771 मध्ये मोजली होती. 1784 मध्ये वॉशिंग्टन स्वतः तिथे पोहोचले, तर काय? जंगल तोडून कुटुंबं शेती करत होती. विकत घ्या नाहीतर खंडाने करा, असं त्यांनी सुचवलं. अटी कुणाला पटल्या नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं. घाम त्या कुटुंबांचा, मोजणीचा कागद वॉशिंग्टन यांचा. 1786 मध्ये निकाल वॉशिंग्टन यांच्या बाजूने लागला आणि कुटुंबांना जागा सोडावी लागली.

1799 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर 50,000 एकरांहून जास्त जमीन होती.