ताऱ्यांचे घटक शोधणाऱ्या सेसिलिया पेन

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून वसतिगृहात येणाऱ्या आपल्या मुलींना रात्रीचे निरभ्र आकाश परके नाही. त्या आकाशातील तारे कशाचे बनले आहेत, हे प्रथम शोधून काढणाऱ्या विदुषीचा परिचय या स्मरणिकेतून करून देणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सेसिलिया पेन यांचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील वेंडोव्हर येथे झाला. चौथ्या वर्षीच पित्याचे छत्र हरपले. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेथे एडिंग्टन यांचे सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांवरील व्याख्यान ऐकून त्यांनी खगोलशास्त्राचा ध्यास घेतला. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना शिकू देई, पदवी मात्र देत नसे. हा अन्याय १९४८ साली दूर झाला. म्हणून १९२३ मध्ये त्या अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत गेल्या.

ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावताना त्यांनी मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवन समीकरणाचा आधार घेतला. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचे पुत्र. विद्यार्थिदशेत जातिभेदाचे चटके त्यांनीही सोसले होते. वर्णपटातील रेषा ठळक की पुसट, हे केवळ मूलद्रव्याच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावरही अवलंबून असते, हे त्या समीकरणावरून कळते. त्यानुसार गणित मांडता पेन यांना आढळले, की तारे मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचे बनले आहेत. पृथ्वी आणि तारे यांची घडण सारखीच आहे, असे तेव्हा मानले जाई. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य ठरविला. तेव्हा पंचवीस वर्षांच्या पेन यांनी १९२५ च्या आपल्या प्रबंधात, तो बहुधा खरा नसावा असे नमूद करून माघार घेतली. १९२९ मध्ये रसेल स्वतःच वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षास पोहोचले.

अधिकारापुढे नमल्याचा दोष पेन यांनी पुढे स्वतःकडेच घेतला. तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथे आम्हांला आठवतो: गुरू सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे.

त्यांनी शिकविलेले विषय हार्वर्डच्या अभ्यासक्रम-पत्रिकेत अनेक वर्षे छापलेही जात नसत. वेतन तुटपुंजे होते. तरीही तीन मुलांचा संसार सांभाळून, पती सर्गेई गपोश्किन यांच्यासह त्यांनी चलताऱ्यांवर प्रदीर्घ संशोधन केले. अखेर १९५६ मध्ये त्या हार्वर्डच्या प्राध्यापक व खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या समाजाला बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली. १९७६ मध्ये पेन यांना रसेल यांच्याच नावाचा सन्मान लाभला. ७ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, मुलगी प्रश्न विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नका. तिचे उत्तर आपल्या समजुतीविरुद्ध गेले, तरी तिचा पुरावा आधी पाहा. या शाळेतून आम्हांला अशाच मुली घडवायच्या आहेत.