अचूकतेच्या उपासिका : ॲना मणी

आपल्या सभोवतालच्या हवेत नत्रवायू व प्राणवायू विपुल आहेत. परंतु काही वायू इतके अल्प असतात, की त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही. ओझोन हा त्यांपैकीच एक. आकाशात उंचावर, जेथे त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, तेथेही हवेच्या दहा लक्ष रेणूंत त्याचे रेणू दहाच्या आसपासच भरतात. तरीही सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून सजीव सृष्टीचे रक्षण तोच करतो. हा अत्यल्प वायू मोजण्याचे साधन भारतात सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञांत ॲना मणी अग्रगण्य होत्या.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी मुलीला हिऱ्यांची कर्णभूषणे देण्याची त्यांच्या घरी रीत होती. लहानग्या ॲनाने ती नाकारली आणि त्यांऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले!

मद्रास येथे पदवी मिळविल्यावर बंगलोरला सर चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांवर संशोधन केले. एकेका प्रयोगाला पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. १९४५ साली त्यांनी प्रबंध सादर केला. परंतु एम्. एस्सी. ही पदवी नसल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. त्या खचल्या नाहीत. हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या.

१९४८ साली त्या परतल्या व पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या. त्यापूर्वी तापमापकासारखे साधे उपकरणही परदेशातून आणावे लागे. ॲनाबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून ती देशातच बनविण्यास आरंभ केला. खोट्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती.

१९६० च्या सुमारास त्यांनी ओझोनचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले उपकरण म्हणजे फुग्याखाली बांधलेली एक हलकी पेटी. तिच्यातील इवलासा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोनची त्या द्रावणाशी गाठ पडताच आयोडीन मोकळे होते आणि विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह वाहू लागतो. ओझोन जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. बिनतारी लहरींनी हे आकडे जमिनीवर पोहोचतात. फुगा सुमारे तीस किलोमीटर उंचीवर जाऊन फुटतो. नळीतील यत्किंचित मळही ओझोन गिळून टाकतो व सारे आकडे खोटे ठरतात. म्हणून प्रत्येक भाग कसोशीने स्वच्छ ठेवावा लागतो. अशी उपकरणे पुणे व तिरुवनंतपुरम् येथून आकाशात सोडण्यात येऊ लागली.

पुढे १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे उघडकीस आले आणि सारे जग चिंतेत पडले. थर किती घटला, हे ठरविण्यास जुन्या नोंदी विश्वसनीय असाव्या लागतात. तेव्हा अचूक मोजमापाचे मोल सर्वांस कळले.

हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही देशभरातील वाऱ्याच्या वेगाच्या नोंदी घेण्याचे कार्य त्यांनी चालविले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम् येथे त्यांचे निधन झाले.

डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. परंतु त्यांनी घेतलेल्या मोजमापांवर जगातील शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला. खऱ्या विद्येचा याहून मोठा गौरव तो कोणता?