प्रज्ञाचक्षु श्रीगुलाबराव महाराज : ज्ञानेश्वरकन्या

वऱ्हाडाने महाराष्ट्रास जी संतरत्ने दिली, त्यांत मधुराद्वैताचार्य श्रीगुलाबराव महाराज यांचे स्थान अगदी निराळे आहे. कुणबी समाजातील मोहोड घराण्यात जन्म, वर्षाच्या आतच दृष्टीचा लोप, अवघे 34 वर्षांचे आयुष्य आणि तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना, हे सारे आपण समाजबांधव अभिमानाने सांगतो. सांगावे असेच ते आहे. परंतु महाराज स्वतःस ज्ञानेश्वरांची कन्या व श्रीकृष्णाची पत्नी मानीत, कपाळी कुंकू लावीत व गळ्यात मंगळसूत्र घालीत, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे आपली जीभ अडखळते. सभांतील भाषणांतून तो भाग बहुधा गाळला जातो. आम्हीही शाळेत मुलांस महाराजांचे चरित्र सांगताना वर्षानुवर्षे तो गाळीत आलो. त्या चुकीची थोडी भरपाई व्हावी, म्हणून हा लेख.

महाराजांचा जन्म आषाढ शुद्ध दशमीस, 6 जुलै 1881 रोजी, अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी मातुलगृही झाला. चांदूर बाजारनजीकचे माधान हे त्यांचे मूळ गाव. पित्याचे नाव गोंदुजी व मातेचे अलोकाबाई. मूल नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांस विकार जडला, चुकीचा औषधोपचार झाला आणि दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी मातृछत्रही हरपले. पुढील काही वर्षे आजीने लोणी टाकळीस त्यांचा सांभाळ केला. अक्षर डोळ्यांनी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; जे काही शिकले ते दुसऱ्याकडून वाचवून घेऊन व एकदा ऐकलेले न विसरता. वेदान्त, सांख्य, योग, आयुर्वेद, संगीत येथपासून डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत त्यांनी विचार केला आणि त्यांवर लेखकांना सांगून ग्रंथ लिहविले. एका कुणब्याच्या आंधळ्या पोराजवळ ब्राह्मण पंडितांनी येऊन बसावे आणि शास्त्रार्थ ऐकावा, हा प्रकार त्या काळी लहान नव्हता. तथापि महाराज स्वतः वर्णाश्रमाची मर्यादा मानणारे होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांस आजच्या अर्थाचे बंडखोर ठरविण्याचा मोह काही जणांस होतो, तो बरोबर नाही.

आता मुख्य गोष्ट. 1896 साली महाराजांचा विवाह मनकर्णिकाबाईंशी झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, 1901 साली, त्यांच्या आयुष्याचे वळण बदलणारा प्रसंग घडला. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी त्यांस दर्शन दिले, मांडीवर घेतले आणि स्वतःच्या नावाचा मंत्र दिला, अशी त्यांची व त्यांच्या संप्रदायाची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली ती 1296 साली. म्हणजे मध्ये सहा शतके लोटली होती. त्या दिवसापासून महाराज ज्ञानेश्वरांस तात म्हणू लागले व स्वतःस त्यांची कन्या. कन्या म्हटली म्हणजे ती सासरी जावयाची, तिला पती हवा. तो पती श्रीकृष्ण. भागवताच्या दशम स्कंधात गोकुळच्या कुमारिका कात्यायनीची पूजा करून कृष्ण हाच पती मागतात, तीच वाट महाराजांनी धरली. सौभाग्यलेणी आली ती अशी.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. गेलेल्या पुरुषाशी बोलणे, त्याजकडून उपदेश घेणे व पुरुषाने स्त्रीचे चिन्ह धारण करणे, हे आपल्या खेड्यांतील अंगात येण्यासारखेच नव्हे काय? देवीच्या नवरात्रात आरतीच्या वेळी केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. यल्लमा-रेणुकेच्या उपासनेत पुरुष जोगतेही लुगडे नेसतात. पाश्चात्त्य देशांतही एकोणिसाव्या शतकात मृतात्म्यांशी बोलण्याची मोठी लाट उठली होती. 1848 साली अमेरिकेत फॉक्स भगिनींपासून ती सुरू झाली व तिच्यात माध्यम म्हणून बसणाऱ्या बहुधा स्त्रियाच असत. अशा प्रकारांची तपासणी करण्यासाठी लंडनला विद्वानांची एक संस्था स्थापन झाली ती 1882 साली, महाराज एक वर्षाचेही झाले नसताना.

आमच्या अल्पमतीप्रमाणे भेद असा आहे. अंगात येते तेव्हा माणूस आपल्या स्वाधीन राहत नाही. आलेली देवता बोलते, आणि ती निघून गेल्यावर बाईस आपण काय बोललो ते आठवत नाही. महाराजांचे तसे नव्हते. त्यांचा कन्याभाव व पत्नीभाव घटका-दोन घटकांचा नव्हता, तो अखंड होता, आणि त्याच भावात ते शांतपणे तर्क लढवीत, ग्रंथ सांगत. शंकराचार्यांचे अद्वैत व गोपींची मधुरा भक्ती यांचा जो मेळ त्यांनी घातला, त्यासच मधुराद्वैत म्हणतात. मनाच्या विकारांचा आयुर्वेदाच्या अंगाने विचार करणारा मानसायुर्वेद हा ग्रंथही त्यांचाच. बंगालमध्ये श्रीरामकृष्ण परमहंसांनीही काही काळ स्त्रीवेष घेऊन मधुरभावाची साधना केली होती. परंतु तो त्यांच्या अनेक साधनांपैकी एक टप्पा होता. महाराजांनी हा भाव अखेरपर्यंत सोडला नाही.

तरीही एक सल आमच्या मनात राहतो. पुरुष स्त्रीभावात गेला तर आपण त्यास मधुरा भक्ती म्हणतो, आचार्य म्हणतो. खेड्यातील एखादी सासुरवाशीण देवी आली म्हणून घुमू लागली, तर तिला कोणी आचार्य म्हणत नाही. घटकाभर पाया पडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणगोठ्यास लावतात. त्या घटकाभरातच ती सासऱ्यासमोर मोठ्याने बोलू शकते, हे आम्ही आमच्या आळीत डोळ्यांनी पाहिले आहे. आणि मनकर्णिकाबाई? ज्या गळ्यासाठी आपण मंगळसूत्र ल्यालो, तो पतीच स्वतः मंगळसूत्र घालून श्रीकृष्णाची पत्नी झाला, तेव्हा त्या संसारात त्या माउलीस काय वाटले असेल? आम्ही वाचलेल्या चरित्रांत त्यांच्याविषयी फार थोड्या ओळी आहेत. महाराजांच्या ग्रंथांची पाने मोजणाऱ्या अभ्यासकांनी इकडेही लक्ष द्यावे.

महाराजांच्याच जिल्ह्यात, त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील असलेले गाडगेबाबा तेव्हा जन्मले होते व पुढे त्यांनी खराटा हाती घेऊन देवऋषी, नवस व बळी यांवर कोरडे ओढले. दोघांच्या वाटा निराळ्या, पण दोघेही शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घरातून आले. वऱ्हाडच्या मातीत या दोन्ही गोष्टी एकाच काळी उगवल्या, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

20 सप्टेंबर 1915 रोजी पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. तातांची आळंदी तेथून जवळच. त्यांच्या पश्चात बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली. माधानास आजही भाविक जातात. यंदा आमच्या नातीसही आम्ही तेथे नेले, आणि महाराजांच्या कपाळी कुंकू का, हे तिने विचारल्यावर या वेळी काही गाळले नाही.