मुदपाकखान्यांतील साधु : बंधु लॉरेन्स

आनंद कोठें मिळतो, असा प्रश्न केला असतां बहुतेक माणसें आपल्या हातीं नसलेल्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवितात. विद्यार्थ्यास वाटतें कीं परीक्षा एकदां पार पडली म्हणजे आनंद; परीक्षा पार पडलेल्यास वाटतें कीं नोकरी लागली म्हणजे आनंद; आणि नोकरी लागलेल्यास रविवार केव्हां उजाडतो असें होऊन जातें. अशा रीतीनें आनंद सदा पुढल्या मुक्कामावर राहतो, आणि आजचा दिवस मात्र ओझ्यासारखा वाहिला जातो. आम्ही आमच्या वाचकांस अशा एका सत्पुरुषाचें चरित्र सांगणार आहों, कीं ज्यांस धन, विद्या, अधिकार यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं, ज्यांच्या वांट्यास मुळींच न आवडणारें काम आलें, आणि तरीही ज्यांच्या प्रसन्नतेचें रहस्य जाणण्यासाठीं मोठमोठीं माणसें त्यांच्याकडे येत असत. त्यांचें नांव बंधु लॉरेन्स.

फ्रान्स देशाच्या पूर्व भागीं लोरेन नांवाचा प्रांत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं तें एक निराळें संस्थान होतें. तेथील ल्युनेव्हील शहराजवळच्या एरिमेनिल या खेड्यांत सुमारें १६१४ सालीं एका साध्या, देवभीरु कुटुंबांत निकोलस हेर्मान याचा जन्म झाला. हाच पुढें बंधु लॉरेन्स या नांवानें प्रसिद्धीस आला. निकोलसला मोठें शिक्षण मिळालें नाहीं. परंतु जें शिक्षण कोणत्याही शाळेंत मिळत नाहीं, तें त्यास एका झाडानें दिलें. तो अठरा वर्षांचा असतांना हिंवाळ्याच्या दिवसांत त्याची दृष्टि एका निष्पर्ण झाडावर पडली. त्या थंड मुलुखांत हिंवाळ्यांतील झाडें सरपणाच्या काटक्यांसारखीं दिसतात. परंतु निकोलसच्या मनांत विचार आला कीं, थोड्याच दिवसांनीं या झाडास पालवी फुटेल, मग फुलें येतील, आणि त्यानंतर फळें. जो देव या वाळक्या खोडाची आठवण ठेवितो, तो आपणांस कसा विसरेल? असें झाड त्यानें पूर्वीं शेंकडों वेळां पाहिलें असेल; परंतु त्या दिवशीं देवाच्या सामर्थ्याची व कृपेची जी ओळख त्यास पटली, ती त्याच्या अंतःकरणांतून पुनः कधींच पुसली गेली नाहीं.

तथापि ओळख पटली म्हणून लगेच मार्ग सांपडला असें झालें नाहीं. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या युद्धाचा वणवा त्या वेळीं युरोपांत पेटला होता. इतिहासांत त्यास तीस वर्षांचें युद्ध म्हणतात. निकोलस लोरेनच्या सैन्यांत शिपाई झाला. एकदां तो जर्मन सैनिकांच्या हातीं सांपडला. त्यांनीं त्यास हेर ठरवून फांशीं देण्याची धमकी घातली. परंतु आपण हेर नाहीं व आपणांस मरणाचें भयही नाहीं, असें त्यानें अशा धीरानें सांगितलें कीं त्यांनीं त्यास सोडून दिलें. पुढें १६३५ सालीं स्वीडिश सैन्यानें रांबेरव्हिलेर या गांवावर हल्ला केला, तेव्हां निकोलस जखमी होऊन आईबापांच्या घरीं परतला. शिपाईगिरी संपली. तरुणपणीं आपल्या हातून घडलेल्या चुका मात्र त्याच्या मनास पुढें पुष्कळ वर्षें टोंचीत राहिल्या.

कांहीं काळ त्यानें एकांतवासांत राहून पाहिलें. परंतु तेथें त्याचें मन आज उत्साहानें भरून यावें तर उद्यां खिन्न व्हावें, अशी स्थिति झाली. नंतर पॅरिस शहरीं एका खजिनदाराच्या घरीं तो हुजऱ्या म्हणून राहिला. तेथेंही त्याचा धांदरटपणा आड आला. हातीं घेतलेली वस्तु फुटल्यावांचून राहूं नये, असा त्याचा लौकिक होता, आणि तो त्यानें स्वतःच मोकळेपणानें पुढें सांगितला आहे. अखेरीस १६४० सालीं पॅरिसमधील व्होजिरार रस्त्यावर असलेल्या कार्मेल पंथाच्या संन्याशांच्या मठांत त्यानें प्रवेश केला. तेथें आपल्या गबाळेपणाबद्दल चांगलीच शिक्षा भोगावी लागेल व त्यायोगें आपल्या पापांचें प्रायश्चित्त होईल, अशी त्याची कल्पना होती. १६४२ सालीं त्यानें कायमचीं व्रतें घेतलीं. मठांत त्यास पुनरुत्थानाचा लॉरेन्स असें नवें नांव मिळालें. हिंवाळ्यांतील झाडांत नव्या जीवनाची खूण पाहणाऱ्यास याहून योग्य नांव कोणतें मिळणार?

बंधु लॉरेन्स हे दीक्षित पुरोहित नव्हते. मठांतील अंगमेहनतीचीं कामें करणाऱ्या बंधूंपैकीं ते एक होते, आणि त्यांची नेमणूक झाली ती मुदपाकखान्यांत. मोठ्या मठाचा स्वयंपाक म्हणजे काय, हें ज्यांनीं वसतिगृहाचें स्वयंपाकघर पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. चुलीची आंच, धूर, खरकट्या भांड्यांचे ढीग, आणि एकाच वेळीं चोहोंकडून निरनिराळ्या वस्तूंसाठीं येणाऱ्या हांका! या कामाचा त्यांस स्वभावतःच तिटकारा होता. तरीही त्या मुदपाकखान्यांत त्यांनीं सुमारें पंधरा वर्षें काढलीं, आणि तेथेंच त्यांस तो आनंद गवसला, कीं ज्यासाठीं लोक तीर्थें व वनें धुंडाळीत फिरतात.

हें कसें घडलें? त्यांची रीति अगदीं सोपी होती. काम हातीं घेण्यापूर्वीं ते देवापाशीं थोडक्यांत मागणें करीत कीं, हें काम तुझ्यासाठींच करण्याची कृपा मजवर कर. काम चाललें असतां, मुलानें बापाशीं बोलावें तसे ते साध्या शब्दांत मनांतल्या मनांत त्याच्याशीं बोलत. काम संपलें म्हणजे तें कसें झालें याचा विचार करीत. चांगलें झालें असेल तर आभार मानीत, आणि बिघडलें असेल तर क्षमा मागून, हातपाय न गाळतां पुढील कामास लागत. तव्यावरील अंड्याची पोळी उलटावयाची ती देखील देवाच्या प्रीतीस्तव उलटावी, आणि त्यानंतर क्षणभर फुरसत सांपडली तर भूमीवर मस्तक टेकून त्यास वंदन करावें, असा त्यांचा परिपाठ होता. वाटेंत पडलेली एखादी काडी उचलणें हीसुद्धां त्यांच्या लेखीं देवाची सेवाच होती. देव कामाच्या आकाराकडे पाहत नाहीं, तें ज्या प्रीतीनें केलें जातें तिच्याकडे पाहतो, हा त्यांचा दृढ विश्वास. त्यामुळें प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांस भेद वाटेनासा झाला. मंदिरांत गुडघे टेकले असतां जी शांति, तीच भांड्यांच्या खणखणाटांत.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत असें येईल कीं, हा गृहस्थ जन्मतःच आनंदी वृत्तीचा असला पाहिजे. अशा माणसाचें उदाहरण आम्हांस काय कामाचें? परंतु खरी हकीकत अगदीं निराळी आहे. मठांतील पहिलीं सुमारें दहा वर्षें त्यांनीं अंतर्यामीं भयंकर तळमळींत घालविलीं. आपलीं गत पापें आठवून आपण देवास पारखे झालों आहों, असें त्यांस वाटे. पडावें, उठावें आणि पुनः पडावें, असें चाललें होतें. बाहेरून काम चालूच होतें. आंत मात्र काळोख होता. शेवटीं त्यांनीं मनाशीं निश्चय केला कीं, जन्मभर हें दुःख असेंच राहिलें तरी राहो. आपण देवावर प्रीति करणें सोडावयाचें नाहीं. आनंद मिळावा म्हणून देवाची सेवा करावयाची, ही अटच त्यांनीं काढून टाकिली. आणि आश्चर्य असें कीं, ती अट सुटतांच त्यांच्या जिवास एकाएकीं विसांवा मिळाला, आणि तो पुढें मोडला नाहीं.

हें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाचें स्थळ आहे, असें आम्हांस वाटतें. जो मनुष्य आनंदाच्या पाठीस लागतो, त्याच्या हातीं आनंद येत नाहीं. जो ख्रिस्ताच्या ठायीं प्रगट झालेल्या देवाच्या प्रीतीवर भरंवसा ठेवून आपलें आजचें काम करितो, त्याच्या मागें आनंद आपण होऊन येतो. यांत आळसास मुळींच थारा नाहीं. बंधु लॉरेन्स यांनीं भक्तीच्या निमित्तानें एकही भांडें घासावयाचें ठेविलें नाहीं. उलट, मन गोंधळलेलें नसल्यामुळें काम अधिक नेटकें होई. तसेंच देवाचें स्मरण ठेवण्याची ही संवय प्रथम प्रथम कष्टानें लावून घ्यावी लागते, मन पुनः पुनः भटकतें व त्यास हळूच परत आणावें लागतें, हेंही ते विचारावयास येणाऱ्यांस स्पष्ट सांगत.

त्यांची एक मौजेची हकीकत आहे. मठासाठीं द्राक्षारस खरेदी करण्याकरितां त्यांस बर्गंडी प्रांतीं पाठविण्यांत आलें. व्यवहाराचें ज्ञान त्यांस बेताचेंच. शिवाय एक पाय अधू. नावेंतून जातांना पिंपांवरून लोळत लोळत गेल्याशिवाय त्यांस इकडून तिकडे जातां येईना! दुसरा कोणी असता तर लाजेनें वा संतापानें अर्धमेला झाला असता. परंतु हें काम देवाचें आहे, तो तें पार पाडील, असें मनाशीं म्हणून ते निश्चिंत राहिले, आणि काम चांगल्या रीतीनें पार पडलें.

पुढें पायाच्या दुखण्यामुळें मुदपाकखान्यांतील दगदग त्यांस सोसेनाशी झाली, तेव्हां त्यांस मठांतील बंधूंच्या वाहाणा शिवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामावर घालण्यांत आलें. तेथेंही तोच आनंद. हळूहळू त्यांची कीर्ति मठाबाहेर गेली. १६६६ सालीं जोसेफ द बोफोर नांवाचे धर्मगुरु त्यांस प्रथम भेटले. त्यांच्या संभाषणांचीं टांचणें या बोफोर यांनीं करून ठेविलीं, म्हणूनच आपणांस आज हें चरित्र कळतें. फ्रान्समधील सुप्रसिद्ध धर्मपंडित व लेखक फेनेलों हेही एकदां त्यांच्या भेटीस आले. त्या वेळीं बंधु लॉरेन्स अत्यंत आजारी होते. पण जितके आजारी तितकेच आनंदी, असें त्या पंडितास आढळलें. राजवाड्यांत ज्यांच्या शब्दास मान होता, त्यांनीं वाहाणा शिवणाऱ्याच्या अंथरुणाशीं बसून मरणाविषयीं त्याचे विचार ऐकावे, हा देखावा विचार करण्याजोगा आहे.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजीं बंधु लॉरेन्स यांनीं शांतपणें देह ठेविला. त्यांच्या मागें ना संपत्ति होती, ना पदवी. त्यांचीं वचनें, थोडींशीं पत्रें आणि बोफोर यांचीं टांचणें १६९२ व १६९४ सालीं छापून निघालीं. त्यांपासून तयार झालेलें लहानसें पुस्तक निरनिराळ्या भाषांत गेलें, आणि ज्या मठांत ते राहत त्याच्या पंथास न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट लोकांनींही तें आपलेंसें केलें. इंग्लंडांत मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनीं आपल्या ग्रंथमालेंत त्यांतील वेंचे घेतले. मोठमोठ्या पंडितांचे ग्रंथ कपाटांत पडून राहिले, आणि एका आचाऱ्याचें बोलणें तीनशेंहून अधिक वर्षें घरोघर वाचलें जात आहे!

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांस गणिताचा कंटाळा असेल, कित्येकांस व्याकरणाचा, आणि वसतिगृहांतील पाळीच्या झाडलोटीचा कंटाळा तर सर्वांसच असेल. बंधु लॉरेन्स यांसही त्यांच्या कामाचा कंटाळाच होता. काम आवडेल तेव्हां आनंदानें करूं, असें म्हणत ते बसले असते, तर पंधरा वर्षें फुकट गेलीं असतीं. म्हणून उद्यां सकाळीं जें काम तुम्हांस सर्वांत नकोसें वाटतें, तेंच प्रथम हातीं घ्या. तें देवासाठीं म्हणून करा. आणि चुकलें तर रडत न बसतां पुनः आरंभ करा. एका दिवसांत फळ दिसलें नाहीं, तर त्या सत्पुरुषाचीं दहा वर्षें आठवा.

आणि पालकजनांसही आमची एक नम्र विनंति आहे. आजचा अभ्यास म्हणजे केवळ उद्यांच्या सुखाची किंमत, असें मुलांस रात्रंदिवस सांगितलें तर मुलांस आजचा दिवस नकोसा होतो, आणि उद्यांचें सुख तर अद्याप यावयाचेंच असतें. ज्या घरांत आई चुलीपुढें आणि वडील आपल्या कचेरींत वा शेतांत, देव आपणांपाशीं आहे अशा भावनेनें प्रसन्नपणें काम करितात, त्या घरांतील मुलांस आनंदाचा धडा निराळा शिकवावा लागत नाहीं. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात. आम्ही बंधु लॉरेन्स यांच्याप्रमाणेंच हा आनंद प्रभु येशूच्या चरणांपाशीं मिळतो असें मानतों, आणि तो कोणापासून लपवून ठेवण्याजोगा नाहीं असेंही मानतों. आमच्या सर्व वाचकांच्या घरीं, भांड्यांच्या खणखणाटांतही, ती शांति नांदो, अशी आमची प्रार्थना आहे.