विश्लेषण : वर्गात शिकवलेले ऐकू येते, पण कळत का नाही? कोडे सोडवणारे वॉलेस सॅबिन

नागपुरात जूनअखेर शाळा सुरू होतात, तेव्हाही उकाडा सरलेला नसतो. वर्गात पंखे पूर्ण वेगात फिरत असतात, कुठे कूलर घरघरत असतो आणि उघड्या खिडकीतून हॉर्न आत येतात. त्यातच फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काँक्रीटच्या छतावर आदळून शिक्षकांचा आवाज घुमतो. मागच्या बाकावरच्या मुलाला आवाज येतो, शब्द मात्र लागत नाहीत. मग त्याचे अभ्यासात लक्ष नसते, असा शिक्का बसतो. दोष मुलाचा की खोलीचा? खोलीचा दोष मोजता येतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकाने दाखवून दिले. त्यांचे नाव वॉलेस क्लेमेंट सॅबिन.

कोण होते सॅबिन?

अमेरिकेतील ओहायो राज्यात रिचवुड या गावी 13 जून 1868 रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ते पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी बोस्टनजवळच्या हार्वर्ड विद्यापीठात आले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांनी पीएचडी कधीच केली नाही.

अडचण कशी सुरू झाली?

1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयात नवे व्याख्यान सभागृह उघडले. इमारत देखणी होती, पण व्याख्यान कोणालाच समजेना. एक शब्द विरण्याआधीच पुढचे अनेक शब्द त्यावर चढत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम सॅबिन यांच्यावर सोपवले. तेव्हा ते अवघे 27 वर्षांचे होते. सभागृहांचा आवाज त्या काळी बराचसा नशिबाचा भाग मानला जाई. वास्तुविशारदाकडे हिशेबासाठी सूत्रच नव्हते.

प्रयोग रात्री का केले?

दिवसा रस्त्यावरची ट्राम आणि विद्यार्थ्यांची वर्दळ यामुळे मोजमाप अशक्य होते. म्हणून सॅबिन मध्यरात्रीनंतर काम करत. ऑर्गन या वाद्याची एक नळी वाजवायची, ती थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ नोंदवायचा, अशी पद्धत होती. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंदांहून अधिक निघाला. आवाज असा रेंगाळण्याला निनाद म्हणतात.

जवळच्या सँडर्स थिएटरमध्ये मात्र बोलणे स्पष्ट ऐकू येई. सॅबिन यांनी मदतनिसांसह तिथल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि थोड्या-थोड्या मांडत वेळ मोजला. सकाळ होण्याआधी गाद्या जागेवर परत जात. सर्व गाद्या पसरल्यावर निनाद सव्वा सेकंदाच्या आत आला. मऊ वस्तू आवाज शोषतात, पण नेमका किती, हे आता आकड्यात सांगता येऊ लागले.

एकदा त्यांच्या लक्षात आले, की प्रयोग करणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. त्यांनी तीन हजारांहून अधिक नोंदी रद्द केल्या आणि पुढे प्रयोगाच्या वेळी नेहमी तेच कपडे घातले.

सूत्र काय सापडले?

1898 मध्ये बोस्टनच्या नव्या संगीत सभागृहासाठी त्यांचा सल्ला मागितला गेला. हाती नियम नसल्याने ते आधी कचरले. मग जुन्या नोंदी पुन्हा तपासताना संबंध स्पष्ट झाला. खोलीचे घनफळ जितके मोठे, तितका निनाद जास्त. आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त, तितका निनाद कमी. घनफळाला 0.16 ने गुणून एकूण शोषणाने भागले, की निनादाचे सेकंद मिळतात. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

पुढे काय झाले?

भिंतींवर जाड नमद्याचे थर लावून फॉग सभागृह वापरण्याजोगे झाले. या सूत्राच्या आधारे बांधलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल 15 ऑक्टोबर 1900 रोजी उघडले. आज जगातील उत्तम संगीत सभागृहांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धात सॅबिन यांनी प्रकृतीची पर्वा न करता सरकारी काम केले. 10 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ध्वनिशोषणाच्या एककाला सॅबिन हेच नाव मिळाले.

नागपूरच्या वर्गाला हे सूत्र काय सांगते?

8 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच वर्ग घ्या. घनफळ 144 घनमीटर. फरशी, सिमेंट आणि बंद खिडक्या असलेल्या रिकाम्या वर्गात निनाद अंदाजे चार-साडेचार सेकंद येतो. 40 मुले बसल्यावर तो सव्वा सेकंदाच्या आसपास उतरतो, कारण मुलांचे कपडेही आवाज शोषतात. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गासाठीची शिफारस सुमारे 0.6 सेकंद आहे, म्हणजे त्याच्या निम्मी.

खिडक्या उघडल्या तर निनाद घटतो, पण रस्ता वर्गात येतो. कूलरला तर खिडकी उघडी लागतेच. शाळेभोवतीच्या 100 मीटर शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. वर्गाच्या आत मात्र 35 डेसिबलच अपेक्षित आहे. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलांना याचा फटका जास्त बसतो. ओळखीच्या भाषेतला अर्धवट ऐकलेला शब्द मन पुरा करते, नव्या भाषेत ते जमत नाही.

उपाय काय?

वरील वर्गात छताच्या निम्म्याहून थोड्या अधिक भागावर आवाज शोषणारे पत्रे बसवले, तर हिशेब जवळपास जुळतो. शिक्षकांच्या डोक्यावरचा भाग मात्र कडक ठेवावा. तिथून परावर्तित झालेला आवाज मागच्या बाकांपर्यंत लवकर पोहोचतो आणि शब्दांना बळ देतो. मागच्या भिंतीवर कापड मढवलेले जाड फलक, बाकांच्या पायांना रबर, खडखडणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती, कूलरपासून दूर शिकवण्याची जागा हे स्वस्त उपाय आहेत. नवी इमारत बांधताना वर्ग रस्त्याकडे न ठेवता जिने आणि भांडारखोल्या त्या बाजूला घेता येतात.

परीक्षाही सोपी आहे. सुटीच्या दिवशी रिकाम्या वर्गात एकदा जोरात टाळी वाजवावी. ती बराच वेळ घुमत राहिली, तर मागच्या बाकावरच्या मुलाला बोल लावण्याआधी छताकडे पाहावे.