क्रॉयडनचे संगीतकार : सॅम्युएल कोलरिज-टेलर



लंडनच्या दक्षिणेस असलेले क्रॉयडन हे नाव आपल्या मॉरिशसच्या पुष्कळ कुटुंबांना परके नाही. कोणाचा मुलगा, कोणाची भाची तिकडे नांदते आहे. त्या नगरात वाढलेल्या एका थोर संगीतकाराची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

सॅम्युएल यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील डॉ. डॅनियल टेलर हे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे. वैद्यकीचे शिक्षण संपवून ते मुलाच्या जन्मापूर्वीच आफ्रिकेस परतले. आई अ‍ॅलिस इंग्रज. बाळ क्रॉयडनला आजोळी वाढले. आजोबा घोड्यांना नाल ठोकण्याचा धंदा करीत, पण व्हायोलिनचे पहिले धडे त्यांनीच नातवाला दिले. शाळेत मुले रंगावरून त्याला छळीत. मात्र चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख कर्नल वॉल्टर्स यांनी त्याचा गुण हेरला आणि १८९० मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळाला.

११ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचे ‘हायवाथाज वेडिंग फीस्ट’ प्रथम गायिले गेले आणि तेविसाव्या वर्षी त्यांचे नाव इंग्लंडभर झाले. या रचनेच्या लाखो प्रती खपल्या. पण हक्क त्यांनी प्रकाशकाला अवघ्या १५ गिनींना विकून टाकले होते. १८९९ मध्ये, घरच्यांचा विरोध न जुमानता, जेसी वॉमिस्ली यांनी त्यांच्याशी विवाह केला. १९०४ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये भेट दिली.

मग क्रॉयडनमध्ये काय चित्र होते? १८९६ मध्ये वास्तुशिल्पी चार्ल्स हेनमन यांनी रचलेला भव्य टाउन हॉल उभा राहिला होता. जेसी वॉर्ड यांनी १८६९ मध्ये काढलेला ‘क्रॉयडन अ‍ॅडव्हर्टायझर’ आणि ‘क्रॉयडन गार्डियन’ ही वृत्तपत्रे घरोघरी वाचली जात. नगर सुधारले होते, पण रस्त्यावरची पोरे या नामवंत माणसाला टोमणे मारीतच होती. मुलीच्या आठवणीप्रमाणे, अशा वेळी वडील तिचा हात अधिकच घट्ट धरीत.

१९१२ च्या आरंभी जवळच्या पर्ली गावी एका सभेत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांविषयी व्याख्यान झाले. त्यातील हीन उद्गार वाचून कोलरिज-टेलर स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ‘क्रॉयडन गार्डियन’ला आपल्या नावानिशी कडक पत्र लिहिले. आफ्रिकी लोकांच्या कर्तृत्वाविषयी इंग्रजांचे अज्ञान किती खोल आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि आपल्या वंशाचा अभिमान उघडपणे सांगितला. ज्या शेजाऱ्यांमध्ये रोज वावरायचे, त्यांच्याच वृत्तपत्रात असे लिहिणे सोपे नव्हते.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला वेस्ट क्रॉयडन स्टेशनवर ते कोसळले. न्यूमोनियाने १ सप्टेंबर १९१२ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे राजाने त्यांच्या पत्नीस वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. १९१४ मध्ये संगीतकारांच्या हक्कांसाठी संस्था निघाली, तिच्यामागील कारणांत त्यांचेही उदाहरण दिले जाते.

क्रॉयडन भागात डॅग्नल पार्कमधील त्यांच्या एका जुन्या घरावर १९७५ मध्ये स्मृतिफलक लागला. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी तो अवश्य पाहावा, आणि त्यांच्या संगीताबरोबरच त्या पत्राचीही आठवण ठेवावी. परक्या देशात मान मिळवावा तर लागतोच. कोणी तो हिरावू पाहिला, तर लेखणीही उचलावी लागते.